पाट्याचा चाकू आणि मामांचा राग

माझ्या सासऱ्यांना कधी राग येत नसे. राग यायचा म्हणजे आधी तो गेलेला असावा लागतो, आणि त्यांचा राग मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या सगळ्या वर्षांत फक्त एकदा, दोन दिवसांपुरता, गेला होता. एरवी तो कायम वस्तीलाच असायचा. सकाळी डोळे उघडले की ते आधी कोंबड्यावर रागवायचे, कारण तो उशिरा आरवला; मग चुलीवर, कारण ती धुमसते; मग चहावर, मग रेडिओवर, आणि बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या शांत आवाजावर तर फारच. "पूर आला म्हणतीया आन आवाज बघा, जशी वाटाणं सोलाया बसलीय," असं म्हणून ते रेडिओ बंद करायचे आणि बातम्या अर्धवट राहिल्या म्हणून पुन्हा रागवायचे. पण ही सगळी किरकोळ कामं झाली. त्यांचा खरा, मुरलेला, जपून ठेवलेला राग होता तो चाकूंवर. म्हणजे जगातल्या सगळ्या चाकूंवर, एक सोडून. तो एक त्यांच्या कमरेला असायचा.

मार्गासनीच्या पुढे डोंगराच्या पोटात त्यांचं गाव. तिथे रानात जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कमरेला मागच्या बाजूला कोयता लटकलेला असतो. मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कमरेला मात्र डाव्या बाजूला कातडी म्यानात वीतभर लांबीचा, न मिटणारा, काळपट दिसणारा चाकू. गावाने त्यांची पुष्कळ चेष्टा करून पाहिली आणि दमून सोडून दिली. कोयत्याचा विषय काढला की ते म्हणायचे, "कोयता म्हंजी नुसता जोर. त्याला अक्कल लागत न्हाई. म्हून तर समद्यांकडं हाय." तरुणपणी वीस वर्षं त्यांनी नसरापूरला हायवेवरच्या एका गॅरेजात ट्रकच्या कमानपाट्यांचं काम केलं होतं. पाटा तुटला कसा, कुठे तुटला, ड्रायव्हर किती बेअकली होता हे ते तुटलेल्या तोंडावरून नुसतं बोट फिरवून सांगायचे. गावी परत आले ते भातशेती करायला, पण लोखंड काही डोक्यातून गेलं नाही. दर दोन-तीन दिवसांनी ते डोंगरावर एक चक्कर मारायचे. कुणी नेमणूक केल्यासारखे. वाळलेली फांदी कुठे मोडली, पाण्याच्या टाक्यात कचरा कुणी टाकला, वाटेवरचं निवडुंग कुणी छाटलं, हे सगळं बघून घरी येऊन सासूबाईंवर रागवायचे. त्या शांतपणे म्हणायच्या, "म्या न्हाई छाटलं."

मी जावई असल्यामुळे मला सगळ्या शिव्या आदरार्थी बहुवचनात मिळायच्या. "पाव्हणं, तुमी येडं हायसा" हे वाक्य इतक्या मानाने बोललं जायचं, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नमस्कारासाठी वाकणारच होतो.

लग्नानंतर पहिलाच अधिक महिना आला तेव्हा त्यांनी मला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करायचो. माझ्या हातात चोवीस तास लाल पेन. हत्यार म्हणून मला तेवढंच ठाऊक. पण लग्नात मित्रांनी मला एक मिटणारा परदेशी चाकू दिला होता. त्यात करवत होती, कात्री होती, बूच काढायची गुंडाळी होती आणि दात कोरायची काडीही होती. मला त्याचा फार अभिमान होता. डोंगरातल्या सासुरवाडीला जाताना तो मी मुद्दाम खिशात घातला. जावयाला अधिक महिन्यात अनारसे खायला बोलावतात. माझ्यापुढे अनारसे दुपारी आले. सकाळी आधी खैराचं लाकूड आलं.

"कालवडीला खुंटा करायचाय. जरा टोक काढा," मामा म्हणाले.

मी खिशातून चाकू काढला आणि नखाने ओढून पातं उघडलं. मामा एकदम गप्प झाले. आता कळतं, ती शांतता वाईट होती. मी लाकडावर जोर लावला, पातं खैरात अडकलं, मी ते सोडवायला उलटं वळवलं आणि ते मिटलं; मध्ये माझं बोट होतं. रक्त पाहून मीच आधी खाली बसलो. मामांनी माझं बोट आपल्या मुठीत असं काही आवळलं की दुखायचंही थांबलं. सासूबाईंनी हळद दिली, मामांनी उपरण्याची चिंधी फाडून बांधली, आणि हे सगळं चाललेलं असताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते चाकूशी बोलत होते. "मिटतोस? कामाच्या वक्ताला मिटतोस? तुला हाड न्हाई, तू काय लाकूड कापणार? ह्यो चाकू न्हाई, ह्यो किल्ल्यांचा जुडगा हाय." मग ते उठले, अंगण ओलांडून उकिरड्यापर्यंत गेले आणि तो लाल चाकू त्यांनी शेणात मुठीपर्यंत खुपसून टाकला.

मला इतका राग आला, की बोट विसरलो. माझी वस्तू, माझ्या मित्रांनी दिलेली, मला न विचारता. मी बायकोला आत जाऊन सांगितलं की आपण पुढच्या वडापने निघतोय. ती अनारसे तळत होती. ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत एकही जीप नाही. आणि आबा आता तुम्हाला भोरला नेणार. त्यांना तुम्ही आवडलात." मी म्हटलं, हे आवडणं असेल तर नावडणं कसं असतं? ती म्हणाली, "नावडलं की ते चहा विचारतात आणि गप्प बसतात." मी त्या दिवशी नऊ अनारसे खाल्ले, सगळे रागाने.

भोरला बाजाराच्या मागच्या आळीत हमीदभाईंचं लोहारकामाचं दुकान होतं. हमीदभाई आणि मामा हे गॅरेजच्या दिवसांपासूनचे मित्र. म्हणजे भेटले की भांडायचे. हमीदभाई शांत, बारीक चणीचे, आणि एकेक शब्द कानशीने घासल्यासारखा बोलायचे. भंगारात निघालेले ट्रकचे पाटे त्यांच्याकडे भिंतीला टेकून उभे असायचे आणि त्यांतून कुदळी, पहारी, विळे आणि वर्षाकाठी एखाद-दुसरा चाकू निघायचा. मामांनी मला तिथे एका स्टुलावर बसवलं आणि पाच-सहा चाकू माझ्यापुढे फडक्यावर मांडले. "निवडा," ते म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी अर्थातच सगळ्यांत चकचकीत आणि सगळ्यांत लांब होता तो उचलला. मामांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "लांबडा उचलला का?" हमीदभाई म्हणाले, "उचलला." मग मामा वळले आणि अर्धा तास रागावले.

त्या अर्ध्या तासात, आणि नंतरच्या चार फेऱ्यांत, मी चाकू कसा निवडायचा ते शिकलो. पातं आपल्या तळहाताच्या रुंदीपेक्षा फार लांब नको, कारण लांब पात्याने झोडपता येतं, कोरता येत नाही. चकाकी नको, चकाकी गिऱ्हाइकासाठी असते. पात्याचं लोखंड मुठीच्या पार शेवटापर्यंत अखंड गेलेलं हवं, मुठीत नुसती शेपटी खोचलेली नको. पाठ काटकोनी हवी, म्हणजे साल खरवडायला धार झिजवावी लागत नाही. मूठ गोल नको, लांबट हवी, म्हणजे न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. आणि मुठीवर बोटांसाठी खाचा पाडलेल्या नकोत. खाचांवर तर मामांचा वेगळाच राग होता. "ह्या खाचा कुनाच्या बोटांच्या? तुमच्या? हमीदच्या? मंग तुमी तुमची बोटं त्याच्या खाचंत का घालायची?" हे झालं की मग चाकू तर्जनीवर तोलायचा, नखाने पात्यावर टिचकी मारून कानाशी धरायचा, आणि शेवटी पितळेच्या कांबीवर धार तिरकी दाबून बघायची, ती किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी बरोबर बसलं, दुमडली तर मऊ, तुकडा उडाला तर कडक. हमीदभाईंनी माझ्यासाठी केलेला पहिला चाकू मामांनी टिचकीला नापास केला. दुसऱ्याची मूठ त्यांना एक सूत जाड वाटली. तिसऱ्यात मला काहीच खोट दिसली नाही, आणि मी तसं म्हणालो. मामा हमीदभाईंकडे बघून म्हणाले, "ह्यांना पसंत पडला. म्हंजी कायतरी चुकलंय." चौथा शिसवी मुठीचा निघाला. हमीदभाईंनी तापल्या पात्याची फक्त धारच तेलात बुडवली होती, पाठ कोरडी ठेवली होती, म्हणजे धार कडक आणि पाठ चिवट. मामांनी तो दहा मिनिटं तपासला, परत फडक्यावर ठेवला आणि चिडून म्हणाले, "असा पयल्यांदा का न्हाई केलास?" हमीदभाई म्हणाले, "पयल्यांदा केला असता तर तुमी चार येळा आला असता का?"

मग तो वापरायला शिकणं. त्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण अजून राग येतो. भर पावसात राजगडाच्या पायथ्याच्या रानात मला उभं करून ते म्हणायचे, "इस्तू पेटवा." सगळं ओलंचिंब. मी जमिनीवरच्या काड्या गोळा करायचो आणि ते त्या लाथेने उडवायचे. उभ्या झाडावर वाळलेली फांदी शोधायची, ती जमिनीवर आडवी नाही तर उभी धरायची, चाकू टोकावर ठेवून पाठीवर लाकडाच्या दांडक्याने ठोकत ती उभी चिरायची, म्हणजे आतला कोरडा गाभा निघतो. दांडकं लाकडाचंच, एकदा मी दगड उचलला तर त्यांनी तो माझ्या हातातून हिसकावून दरीत फेकला. मग त्या गाभ्याच्या चिपाटीवर पातळ पातळ साली सोलत न्यायच्या, पण तोडायच्या नाहीत, म्हणजे टोकाला तुरा तयार होतो आणि तो एका काडीत पेटतो. बसायचं कसं तर कोपरं गुडघ्यांच्या पुढे. दोन मांड्यांच्या मध्ये चाकू कधी चालवायचा नाही. हात पोचेल तेवढ्यात दुसरं माणूस नको. काम थांबलं की चाकू म्यानात, बोलायचं असेल तर त्याआधी चाकू म्यानात. जिवंत झाडाला पातं लावायचं नाही. माझा पहिला तुरा पेटला तेव्हा मी आनंदाने वर बघितलं. मामा म्हणाले, "तीन काड्या लागल्या. लाज वाटाया पायजे."

पुढे दोन-तीन वर्षांनी घडलेली गोष्ट. आम्ही राजगडावरून तोरण्याकडे जाणाऱ्या सोंडेवर होतो. पुढे वळणावर झाड तोडल्याचा आवाज आला आणि मामांची चाल एकदम बदलली. पुण्याची चार माणसं होती, चांगली नोकरदार, चाळिशीतली. त्यांतल्या एकाकडे हातभर लांब चाकू, पाठीला करवतीचे दात, पोकळ मुठीच्या बुडाला होकायंत्र. त्याने तो एका कोवळ्या ऐनाच्या बुंध्यावर घालायला सुरुवात केली होती. मामांनी तोंड उघडलं, पण शब्द बाहेर यायच्या आत पातं मुठीतून निसटलं. ते हवेत फिरलं आणि शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या पोटरीत घुसलं. मूठ पहिल्याच्या हातातच राहिली.

त्यानंतरचा तासभर मामा एक क्षण थांबले नाहीत आणि एक क्षण गप्पही बसले नाहीत. पोटरीवर धोतराची घडी दाबत ते त्या मूठवाल्याला विचारत होते, "आत काय ठिवलंतसा? मुठीत काय ठिवलंतसा? गळ? सुई? काडेपेटी? तिथं लोखंड असाया पायजे व्हतं." जखमी गृहस्थ पांढरेफटक पडले होते, त्यांनाही ओरडा होता: "डोळं उघडं ठिवा. झोपायचं असंल तर घरी झोपायचं व्हतं." रक्त कमी झालं, पण माणूस चालू शकणार नव्हता. झोळी करायला दोन लांब सरळ वासे हवे होते, आणि त्या उघड्या सोंडेवर वाळलेलं तसं काहीच नव्हतं. मामा त्या ऐनापाशी गेले. त्याच्या बुंध्यावर घाव बसले होते, पण ते झाड उभं होतं, जगलं असतं. शेजारी त्याच्याच जाडीचं दुसरं होतं. त्यांनी खोडावर तळहात ठेवला. मग मला म्हणाले, "दांडकं द्या." वीतभर चाकू बुंध्यावर आडवा धरून, पाठीवर दांडक्याने ठोकत, चारी बाजूंनी खाच घेत त्यांनी ती दोन्ही झाडं पाडली. मी त्यांना जिवंत झाड तोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पाडताना मात्र ते काही बोलले नाहीत. वाशांवर सदरे आणि चादर बांधून आम्ही त्या गृहस्थांना आळीपाळीने खाली आणलं, जीप मिळाली, वेल्ह्याच्या दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले की वेळेत आणलंत. मूठवाले गृहस्थ मामांच्या पाया पडायला वाकले. मामांनी पाय मागे घेतला. "माझ्या न्हाई. वर दोन झाडं पडल्याती, त्यांच्या पडा," ते म्हणाले आणि चालू लागले. घरापर्यंत मी त्यांच्या मागून चालत होतो. त्यांच्या रागाचा मला इतका अभिमान वाटला होता, की तो त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

मग मामांना अर्धांगाचा झटका आला. हलका होता, बोलणं शाबूत राहिलं, पण उजव्या हाताच्या दोन बोटांतली जाणीव गेली आणि पकड सैल झाली. डॉक्टर म्हणाले, हात येईल, पण पहिल्यासारखा नाही. मामांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन पूर्वीसारखाच चाकू कमरेला लावला. पहिल्या महिन्यात डावा तळहात कापला, दुसऱ्यात पुन्हा तोच, आणि तिसऱ्यात मनगटाजवळ, तेव्हा टाके घालावे लागले. सासूबाईंना रक्ताचा माग उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत दिसला. बायको मला म्हणाली, "तुम्ही काढून घ्या तो. मला जमणार नाही." मला तरी कुठे जमणार होतं. पण मी गेलो.

"मामा, आता चाकू ठेवा."

"कुठं ठिवू?"

"वर. माळ्यावर."

"माळ्यावर काय कापायचंय?"

मी समजावून सांगायला लागलो. ते ऐकेनात. "हात गेला म्हंजी मी गेलो न्हाई," ते म्हणाले. "उद्या डोळं गेलं तर डोंगर बी माळ्यावर ठिवाल." मग माझाही तोल गेला. इतक्या वर्षांचा शेणात खुपसलेला राग वर आला असावा. मी म्हणालो, "तुम्हाला चाकू धरता येत नाही, मामा. येत नाही. कबूल करा एकदाचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंना हाक मारून सांगितलं, "पाव्हण्यास्नी च्या इचार."

ते दुपारी झोपले तेव्हा मी खुंटीवरच्या म्यानातून चाकू काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि भोर गाठलं. मनात होतं, हमीदभाईंकडून धार मारून चाकू बोथट करून घ्यावा आणि गुपचूप परत लावावा. कमरेला राहील, पण कापणार नाही. हमीदभाईंनी कागद उलगडला, पातं फडक्याने पुसलं आणि विचारलं, "त्यास्नी इचारलंय?"

"नाही."

"मंग तुमी ह्यो आणला न्हाई. चोरला."

मी रक्ताबद्दल सांगितलं, टाक्यांबद्दल सांगितलं. हमीदभाईंचा आवाज चढला नाही, पण इतका राग मी मामांचासुद्धा पाहिला नव्हता. "बोथट चाकू जास्ती कापतो, सायेब. जोर लावावा लागतो. त्यांच्या हातात जोर हाय का आता? घसरला की कुठं जाईल? आन मी मारू धार? माझ्याच हातानं?" ते पात्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठिवून जावा. धारंला हात लावणार न्हाई. मुठीचं बघतो." दुसऱ्या दिवशी छापखान्यात काम होतं. मी गावी न जाता तसाच पुण्याला निघून गेलो. खरं सांगायचं तर मामांसमोर जायची भीती वाटली.

दोन दिवसांनी छापखान्यात फोन आला. गावातल्या दुकानातून सासूबाई बोलत होत्या. त्या फोनवर नेहमी ओरडून बोलायच्या. त्या दिवशी हळू बोलल्या. "पाव्हणं, ह्ये दोन दिस झालं रागावलं न्हाईत."

मला आधी समजलंच नाही.

"चाकू हरावलाय म्हणं. म्हणत्यात, माझ्याच हातून पडला आसंल, मला याद न्हाई. बांधावर शोधत्यात, वाटंवर शोधत्यात. ज्येवाय वाढलं तर ज्येवत्यात. मीठ घालाय इसरले, तरी बी ज्येवले. काय बोलले न्हाईत."

मी लगेच निघालो. भोरला पोचलो तेव्हा चाकू तयार होता. जुन्या मुठीच्या जागी दुप्पट जाड मूठ, तिला मनगटात अडकवायचा कातडी फास, आणि पात्याच्या तोंडाशी बोट पुढे घसरू नये म्हणून पितळी अडणी. हमीदभाईंनी दुकान बंद केलं. "चला, मी बी येतो. शिव्या वाटून घिऊ," ते म्हणाले.

मामा ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर सापडले. डाव्या हातातल्या काठीने गवत बाजूला करत, वाकून, एकेक पाऊल टाकत ते चालले होते. आम्हाला बघून ते म्हणाले, "या. च्या घेतला का?" आणि पुन्हा गवतात बघायला लागले. मी त्यांच्यापुढे चाकू धरला आणि सगळं सांगितलं. कुठून घेतला, कशासाठी घेतला, का सांगितलं नाही. त्यांनी चाकू घेतला नाही. तिथेच बांधावर बसले. काठी आडवी ठेवून म्हणाले, "तुमी मागितला असता तर मी दिला नसता. ते येगळं. पर दोन दिस मी ह्येच करतोय, आठवतोय. कुठं बसलो, कुठं उठलो. मला काय बी आठंना. मला वाटलं, आता माझं मलाच सापडत न्हाई." मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

मग त्यांची नजर मुठीवर गेली.

"ही मूठ हाय का मुसळ?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या हाताच्या मापाची हाय," हमीदभाई म्हणाले.

"माझ्या हाताचं माप तुला कुणी सांगितलं? ह्या चोरानं?" आणि त्यांना सुरुवात झाली. ते माझ्यावर रागावले, हमीदभाईंवर रागावले, पितळी अडणीवर रागावले, डॉक्टरांवर, छापखान्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चाकूला शाई लागते यावर रागावले. घराकडे चालता चालता वाटभर रागावले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना लांबूनच आवाज ऐकू आला असावा, कारण आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. मामांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. म्हणजे मला जे सांगायचं ते माझ्यासमोर हमीदभाईंना, कालवडीला किंवा खांबाला सांगायचे. त्या जाड मुठीच्या चाकूने त्यांना नंतर कधी कापलं नाही. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर खांबाला म्हणाले, "नशिबानं."

अशी तीन-चार वर्षं गेली. मग ती मूठही त्यांना पेलवेना. कुणी सांगितलं नव्हतं, एक दिवस त्यांनी स्वतःच फास मनगटातून सोडवून चाकू माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तुमी करा. मी सांगतो." तेव्हापासून मी गेलो की ते ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे आणि मी समोर खाली बसून करायचो. खुंटे, पाचरी, दोरी ताणायच्या लाकडी खिट्ट्या. पातं जरा उताणं पडलं की ते कळवळून ओरडायचे, जसं काही त्यांच्याच अंगावर चाललंय.

शेवटच्या श्रावणात सासूबाईंना वरणाचा डाव हवा होता. मी फणसाचा तुकडा घेतला आणि दोन दिवस बसून डाव कोरला. वाटी जमली, पण दांडा वाटीला जुळतो तिथे माझा हात चुकला आणि मान डावीकडे वळली. मला ती दिसत होती. दुरुस्त करायला लाकूड उरलं नव्हतं. मी तो तसाच मामांच्या हातात दिला आणि ओरडा खायची तयारी करून समोर बसलो. त्यांनी डाव्या हाताने तो उलटा केला, सुलटा केला, वाटीतून अंगठा फिरवला. मग दांड्यावरून बोट नेत नेत मानेपाशी आणलं आणि तिथे बोट थांबलं. बराच वेळ थांबलं.

"बरा हाय," ते म्हणाले आणि डाव माझ्या हातात परत दिला.

मी उठलो नाही. मी म्हणालो, "मामा, मान बघितलीत का?" ते म्हणाले, "बघितली. ऱ्हाऊ द्या." आणि भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. आतून सासूबाई डाव मागत होत्या. मी तो हातात धरून तसाच बसून राहिलो, ते आणखी काही बोलतील म्हणून.